सत्तावन्न किलोंचा पैलवान : खाशाबा जाधव

(द्वितीय वर्ष कला)

वर्तमानपत्रात एक मथळा आपण अनेकदा वाचतो : ‘सभेत सदस्यांची फ्री-स्टाइल’. कुठल्यातरी सभागृहात माइक उखडले जातात, खुर्च्या फेकल्या जातात, कुणाचा सदरा फाटतो, आणि बातमीदार या प्रकाराला ‘फ्री-स्टाइल’ म्हणून मोकळा होतो. कुस्तीच्या दृष्टीने हा शब्दावर मोठाच अन्याय आहे. फ्री-स्टाइल म्हणजे वाटेल ते करण्याची मुभा नव्हे. ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे दोन प्रकार आहेत. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावता येत नाही, पायाचा उपयोग करता येत नाही. फ्री-स्टाइलमध्ये पट काढता येतो, टांग मारता येते, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांगाशी झुंजता येते. पण ठोसा नाही, लाथ नाही, गळा आवळणे नाही. आपल्या गावच्या आखाड्यातली कुस्ती या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची. म्हणूनच मातीतला एक मुलगा त्या प्रकारात जगातल्या पहिल्या तिघांत जाऊन बसू शकला. त्या मुलाविषयी हा लेख आहे.

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत एका ओळीत येते : ‘हेलसिंकी, १९५२, कुस्ती, कास्य’. आमच्या वर्गातील बहुतेकांना ती ओळ पाठ आहे. त्या ओळीच्या आतले मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते, आणि मला वाटते की ते ठाऊक असण्याची गरज इतर कुणापेक्षा कॉलेजात शिकणाऱ्यांना अधिक आहे. कारण खाशाबा हे तालमीत जितके घडले तितकेच एका महाविद्यालयातही घडले.

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. शेतकऱ्याच्या घरात शेंडेफळाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात, लाड आणि थोरल्यांचे जुने कपडे. खाशाबांच्या वाट्याला तिसरी गोष्ट आली, ती म्हणजे वडिलांचा आखाडा. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. कराडच्या टिळक हायस्कुलात १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण झाले. ही वर्षे कोणती आहेत ते पाहावे. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटलेला होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगाव चालत होते. भूमिगतांना आसरा देणे, निरोप व पत्रके पोचवणे अशी कामे शाळकरी खाशाबांनीही केली. त्या वयात जोर-बैठका मारणारा, रात्री-अपरात्री रानातून न भिता जाणारा पोरगा चळवळीला किती उपयोगी पडत असेल, हे खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको.

तेथून ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात आले. कुस्ती आणि कोल्हापूर यांचे नाते सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी गावोगावचे मल्ल कोल्हापुरात आणले, तालमींना आश्रय दिला. १९०२ साली ते विलायतेला गेले असता रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि त्या धर्तीवर खासबागेचे मैदान उभे केले, जे १९१२ साली पूर्ण झाले. मध्ये खोलगट हौद आणि सभोवार चढत जाणारी बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसते. अशा गावात पैलवान म्हणून येणे सोपे नव्हते. तेथे ज्याला त्याला कुस्तीतले कळते, आणि पैलवान म्हणजे कसा दिसावा याची प्रत्येकाची कल्पना पक्की असते. खाशाबा त्या कल्पनेत बसत नव्हते. उंची साधारण साडेपाच फूट, अंगाने चणीचे. पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हटले, पण ते पुढे.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा ही शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घ्यायला नकार दिला, अशी हकीकत सांगतात. खाशाबा तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी परवानगी दिली. आणि या लहानखुऱ्या मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना एकामागून एक अस्मान दाखवले.

या प्रसंगी मला खाशाबांच्या डावांपेक्षा त्यांचे प्राचार्यांच्या दारापर्यंत जाणे अधिक महत्त्वाचे वाटते. ज्याच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, अशा मुलाला प्राचार्यांचे दालन केवढे लांब असते! ऑफिसात फी भरण्याच्या खिडकीशी उभे राहतानाही आपण चुकीच्या रांगेत तर नाही ना, अशी धाकधूक असते. एकदा ‘नाही’ ऐकले की आम्ही परत फिरतो; ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या वरही कुणी असते आणि त्याच्याकडे जाता येते, हे आमच्या ध्यानातच येत नाही. खाशाबांच्या आले. आणि दालनात बसलेल्या माणसाने त्यांचे ऐकून घेतले. या दोन गोष्टी एका दिवशी घडल्या नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते.

महाविद्यालयीन काळात बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यांचा हातखंडा डाव म्हणजे ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान आणि खांदा आपल्या हाताखाली आवळून, कमरेचा आधार देऊन, गिरकी घेत त्याला जमिनीवर आपटायचे. हा डाव ताकदीचा दिसतो, पण त्यात ताकदीहून वेळ साधण्याला महत्त्व आहे. समोरचा पुढे रेटत असेल त्याच क्षणी तो बसतो. क्षणभर उशीर झाला की मारणाराच खाली जातो. जड अंगाच्या माणसाविरुद्ध हलक्या माणसाला उपयोगी पडणारा हा डाव आहे, कारण त्यात समोरच्याचेच वजन त्याच्या मुळावर येते.

१९४८ साली लखनौच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी बंगालचा नामांकित मल्ल निरंजन दास याला हरवले आणि लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनमध्ये त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली ती मॅटची. खाशाबा मॅटवर तोपर्यंत खेळलेच नव्हते. ज्यांनी दोन्ही पाहिलेले नाही त्यांना ही अडचण क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपल्याकडच्या हौदातली लाल माती चाळून घेतलेली, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मुरवलेला. ती मऊ असते, आणि घामाने ओल्या झालेल्या अंगाला लागून पकड देते. पैलवान मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकतो ती काही रीत म्हणून नव्हे. हात निसटू नये म्हणून. पाय अनवाणी, अंगठे मातीत रुतलेले. कुस्तीला घड्याळ नाही. दोन तुल्यबळ गडी तासतासभर एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहू शकतात, आणि निकाल लागतो तो पाठ लागल्यावरच. मॅटवर यातले काहीही नाही. तेथे पायात बूट, अंगावर घट्ट पोशाख, घामाने निसरडी झालेली कातडी, घड्याळ चालू, आणि पाठ लागली नाही तरी पंच निर्णय देऊन मोकळे. मातीत जो धीर हा गुण ठरतो तोच मॅटवर सुस्ती ठरतो. शेतकऱ्याला एकदम होडीत बसवून वल्हे हाती द्यावे तसा हा प्रकार होता.

तेथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोंच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनवर मात केली आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून ते पराभूत झाले. एकंदर क्रमांक सहावा. पहिल्यांदाच मॅटवर उतरलेला मातीतला पैलवान जगात सहावा येतो, ही गोष्ट माझ्या मते १९५२ च्या पदकाहून कमी नाही. स्वतः खाशाबांना मात ती पुरेशी वाटली नाही. परत येऊन त्यांनी पुढची चार वर्षे मेहनत वाढवली, आणि वजनगटही बदलला : ५७ किलो, म्हणजे बँटमवेट.

आता १९५२. यापुढची हकीकत कुस्तीची कमी आणि कागदपत्रांची व पैशांची अधिक आहे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच निरंजन दासविरुद्ध खाशाबांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले. तो गुण जाणूनबुजून कमी दिला, असे खाशाबांचे म्हणणे होते. पुन्हा ते गप्प बसले नाहीत. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद त्या वेळी पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्याकडे होते आणि ते कुस्तीचे शौकीन होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. चाचणी कुस्ती पुन्हा लावण्यात आली आणि तीत खाशाबांनी दासला चितपट केले. चितपटला गुण मोजावे लागत नाहीत.

निवड झाली, जायचे कशाने? खर्च खेळाडूने उभा करायचा होता. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. शासनाकडे खेटे घालून जे मिळाले ते पुरेसे नव्हते. खाशाबा स्वतः ओळखीच्या दारोदार फिरले. तरीही मोठी तूट राहिली. तेव्हा बाळासाहेब खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे करून दिले.

हे वाक्य मी जेव्हा पहिल्यांदा वाचले तेव्हा पुढे जाता आले नाही. आमच्या भागात ‘गहाण’ हा शब्द रोजचा आहे. बियाण्यासाठी दागिना गहाण पडतो, लग्नासाठी जमीन गहाण पडते, द्राक्षबागेच्या औषधासाठी सोसायटीचे कर्ज निघते. पण ती सारी आपल्या माणसासाठी. रक्ताचे नाते नसलेल्या, जातीगोतीचा संबंध नसलेल्या विद्यार्थ्यासाठी, तोही परदेशी जाऊन जिंकेलच याची खात्री नसताना, एक विद्वान गृहस्थ आपले छप्पर गहाण टाकतो! बॅरिस्टर झालेला, पुस्तकांत वावरलेला हा माणूस. त्यांना ढाक आणि धोबीपछाड यांतला फरक कितपत कळत होता कोण जाणे. विद्यार्थी मात्र त्यांना नेमका कळला होता. आपल्या मासिकातील लेखांत आम्ही थोर पुरुषांची चरित्रे नेहमी लिहितो. खर्डेकरांच्या घराचे ते गहाणखत कुणी जपले असेल तर ते पाहायला मला आवडेल.

हेलसिंकीला जुलै १९५२ मध्ये स्पर्धा झाल्या. एमिल झाटोपेकने धावण्याच्या तीन शर्यती जिंकून गाजवलेले ते हेच ऑलिंपिक. सोव्हिएत रशियाचे ते पहिलेच ऑलिंपिक, तर १९४८ ला बाहेर ठेवलेल्या जपानचे युद्धानंतरचे पहिले. योगायोग असा की खाशाबांच्या गटातील शेवटचे दोन प्रतिस्पर्धी याच दोन देशांचे निघाले. त्या वेळची पद्धत आजच्यासारखी बाद फेरीची नव्हती. एक कुस्ती हरली म्हणून मल्ल बाहेर पडत नसे. त्याच्या नावावर दोषगुण लिहिले जात : चितपट जिंकला तर शून्य, पंचांच्या निर्णयाने जिंकला तर एक, हरला तर त्याहून अधिक. दोषगुण पाच झाले की माणूस बाद. असे गळत गळत जे तिघे उरत, ते एकमेकांशी लढून पदके वाटून घेत. म्हणजे जिंकायचे तर असतेच, पण पाठ लावूनच जिंकावे असा या पद्धतीचा रोख. मातीतल्या माणसाला ती मानवली असावी.

खाशाबांनी कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. पुढे गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. हा इशी मुळात ज्युदो खेळणारा. युद्धानंतर जपानवर ताबा असलेल्या दोस्तांनी ज्युदोवर बंदी घातल्यामुळे तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे दोघेही एका अर्थाने दुसऱ्याच आखाड्यातून मॅटवर आलेले. ही कुस्ती दीर्घकाळ चालली आणि निर्णय इशीच्या बाजूने गेला. अंगातला घाम वाळतो न वाळतो तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोवशी लढण्यास उभे राहायला सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण त्यावर बोट ठेवायला भारतीय पथकातील कुणी जबाबदार अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. इंग्रजीत भांडायची खाशाबांना सवय नव्हती. दमलेल्या अंगाने ते उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कास्य.

विश्रांती मिळाली असती तर रौप्य किंवा सुवर्ण मिळालेच असते, असे लेखांतून ठामपणे लिहिले जाते. मला तसे म्हणवत नाही. इशी आणि ममदबेयोव हे काही पडेल पैलवान नव्हते, आणि ‘जर-तर’ची कुस्ती नेहमी आपलाच माणूस जिंकतो. अर्धा तास मात्र त्यांच्या हक्काचा होता, आणि त्यासाठी कराडपासून कोल्हापूरपर्यंतच्या कितीजणांनी पैसे घातले होते. एवढ्या मोठ्या पथकातला एक माणूस त्या वेळी मॅटशेजारी उभा असता तर पुरे होते. लखनौ-मद्रासला खाशाबा स्वतः दारोदार जाऊ शकले, हेलसिंकीच्या त्या सभागृहात कुणाचे दार ठोठावणार?

त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. चौथ्याला पदक नाही, म्हणून त्यांचे नाव आपल्या पुस्तकांत त्या एका ओळीइतकेही नाही. हॉकी संघाने सुवर्णपदक मिळवले आणि देशातला बहुतेक जयघोष तिकडे गेला. त्या संघाचे कर्णधार होते के. डी. सिंग ‘बाबू’. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन ‘के. डी.’, पण दिल्लीला ठाऊक असलेला एकच.

गावाला मात्र आपला के. डी. ठाऊक होता. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक निघाली. चालत पंधरा मिनिटांच्या त्या वाटेला सात तास लागले, अशी आठवण गावकरी सांगत आले आहेत. ढोल-लेझीम, गुलाल, पाटलांपासून बलुतेदारांपर्यंत सगळे रस्त्यावर. आणि त्यानंतर खाशाबांनी केले काय? कुस्त्यांची मैदाने भरवून, स्वतः त्यांत लढून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे घर सोडवले. पदकाच्या आधी गहाण पडलेले घर पदक घेऊन आलेल्या हातांनी सुटले. माझ्या आजोबांना मी हे वाचून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मंग बरोबर हाय.” त्यांच्या लेखी हेलसिंकीची कुस्ती तेथे निकाली झाली.

पुढील आयुष्याविषयी थोडक्यात. १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची तयारी गुडघ्याच्या दुखापतीने वाया गेली. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या, पोलीस खेळाडूंना शिकवले, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी क्रीडाज्योत नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ५८ वर्षांचे होते. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक संपले होते आणि भारत रिकाम्या हाताने परतला होता.

मरणानंतर सन्मान आले, रांगेने आले. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार. २००० सालचा अर्जुन पुरस्कार. अर्जुन पुरस्कार सुरूच झाला १९६१ साली, म्हणजे खाशाबा हयात असताना तेवीस वेळा त्यांच्या दारावरून पुढे गेला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. या सगळ्याच्या मधोमध एक वेगळी बातमी आहे. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती केंद्र उभारण्याची घोषणा झाली, वर्षे गेली, आणि २०१७ साली घरच्यांनी जाहीर केले की केंद्रासाठी पैसा उभा करायला हेलसिंकीचे पदक लिलावात काढतो. पासष्ट वर्षांपूर्वी ज्या पदकासाठी एक घर गहाण पडले होते, तेच पदक विकायला काढण्याची वेळ आली. या वेळी गहाण टाकायला खर्डेकर नव्हते.

खाशाबांनंतर वैयक्तिक पदक मिळायला भारताला १९९६ उजाडले. ते लिअँडर पेसचे टेनिसमधले. कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली बीजिंगला सुशीलकुमारने आणले, छप्पन्न वर्षांनी. महाराष्ट्राला तर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी पॅरिस २०२४ पर्यंत थांबावे लागले, आणि तेही नेमबाजीत, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेकडून. ऑलिंपिकमधील कुस्तीचे पदक महाराष्ट्रात आजवर एकच आहे. गावोगाव तालमी, चैत्रात दर यात्रेला दंगल, आणि पदक एक! याचे कारण काय?

उत्तर एकच असेल असे नाही, पण एक मला रोज डोळ्यांसमोर दिसते. आमच्या सिन्नर-निफाडकडच्या यात्रांत कुस्त्या सुरू होतात त्या रेवड्यांवर आणि नारळावर. त्या पोरासोरांच्या. मग दहा-वीस रुपयांपासून इनाम चढत जाते, आणि सूर्य मावळताना शेवटची कुस्ती लागते ती सर्वांत अवजड दोघांची. तेथे वजनकाटा नसतो; पंच डोळ्यांनी जोड लावतात. इनाम, फेटा, खांद्यावरची मिरवणूक सारे त्या शेवटच्या कुस्तीला. त्यामुळे सत्तावन्न किलोंच्या चपळ पोराला वस्ताद सांगतो काय, तर ‘खा, अंग भर.’ दूध, तूप, बदाम. ज्यांच्या घरचे दूध डेअरीला जाते त्यांनी बदाम कुठून आणायचे? माझा चुलतभाऊ ढाक उत्तम मारतो. अंग भरले नाही म्हणून बारावीनंतर त्याने तालीम सोडली. आता बागेत छाटणीला जातो. त्याचे वजन मी विचारले. छप्पन्न.

आपल्या राज्यातला सर्वांत मोठा मान म्हणजे महाराष्ट्र केसरीची गदा, तीही अवजड गटाची. तिच्याविषयी मला आदर आहे, आणि नाशिककर म्हणून थोडा अभिमानही. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला नाशिक जिल्ह्याकडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेवर ३-२ अशी मात करून ती गदा जिंकली. दोघे काका पवारांच्या एकाच तालमीचे. निकाल लागल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवले. अकोल्याच्या डोंगरातल्या या मुलाने कुस्तीचे सुरुवातीचे धडे आपल्या भगूरच्या तालमीत गिरवलेले. ते दृश्य पाहताना आमच्या गावच्या पारावर मोबाइलभोवती तीस-चाळीस माणसे गोळा झाली होती. पण ऑलिंपिकमध्ये भारताला पदके आली ती बहुतेक हलक्या व मधल्या गटांतून. बीडचा राहुल आवारे २०१९ साली जागतिक स्पर्धेत कास्य जिंकला तो ६१ किलोंत. टोकियोला रवी दहियाने रौप्य मिळवले ते ५७ किलोंत. पॅरिसला एकवीस वर्षांच्या अमन सेहरावतने कास्य मिळवले तेही ५७ किलोंत. हरियाणात त्या वजनाच्या मुलाला कुणी ‘अंग भर’ म्हणाले नाही. त्याला त्याच वजनात मॅटवर उभे केले.

खाशाबांचा गट तोच : ५७ किलो. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात वजनकाटा आहे. लेखासाठी म्हणून गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या चौदा मुलांना मी त्यावर उभे केले. पाच जण ५५ ते ५९ च्या दरम्यान भरले. त्यांतले तिघे खेड्यातून एस.टी.ने येतात, आणि दोघांनी लहानपणी नारळावरची कुस्ती मारलेली आहे.